पहिलीचं तोंड

आईंनी मला ते सांगितलं तेव्हा मी त्यांच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधत होते. बीपी मोजताना बोलायचं नसतं, हे मी त्यांना दर खेपेला सांगते आणि दर खेपेला त्या बोलतात. त्या दिवशी म्हणाल्या, "लेकी, मला तिचं तोंड आठवंना."

"कुणाचं?" माझं लक्ष काट्याकडे होतं.

"तिचं."

मी हवा सोडून दिली आणि पट्टा काढला. 'ती' म्हणजे एकच. या आई माझ्या जन्मदात्या आई नव्हेत. माझी आई जळकोटला असते. या माझ्या नवऱ्याच्या पहिल्या बायकोच्या आई.

आमच्या भागात बिजवराशी लग्न करणाऱ्या बाईला दोन गोष्टी न मागता मिळतात. एक म्हणजे पहिलीचा टाक. चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली बाईची एवढीशी आकृती, मंगळसूत्राबरोबर गळ्यात घालायची. नवी साडी आली की पदर आधी टाकाला लावायचा, मग आपण नेसायची. दुसरी गोष्ट पहिलीचं माहेर. तिचे आईबाप दुसरीला लेक मानतात, पंचमीला बोलावणं धाडतात, दिवाळीला साडीचोळी करतात. लेकीची जागा मोकळी ठेवत नाहीत. मी तेव्हा आरोग्य उपकेंद्रात नर्स होते, अजूनही आहे. लग्न उशिरा झालं. टाक हवा का म्हणून मला कुणी विचारलं असतं तर नको म्हणाले असते, पण विचारलं नाही. माहेर मात्र मी मनापासून घेतलं. एक आई जास्तीची मिळत असेल तर कोण नको म्हणेल.

पहिली काविळीनं गेली. लग्नाला तीनचार वर्षं झालेली, मूलबाळ नव्हतं. मी तिला कधी पाहिलं नाही.

आईंची वस्ती तेरच्या पुढं, तेरणेच्या काठानं गेलं की माळावर. दोन पत्र्याच्या खोल्या आणि मेंढरं कोंडायचा वाडगा. मालक जाऊन बरीच वर्षं झाली. पहिली ही त्यांची एकुलती लेक होती. आता पुतण्या आणि पुतण्याची बायको मेंढरं सांभाळतात आणि आई त्या दोघांना सांभाळतात. पुतण्या तेव्हा तान्हा होता आणि त्याची बायको या घरात आली ती पहिली गेल्यानंतर. म्हणजे वस्तीवर तिला पाहिलेलं माणूस एक आईच.

"इतकी वर्षं आठवत होतं की," मी म्हणाले.

"आठवत हुतं. आता डोळं मिटलं की कुणीतर हुबं ऱ्हातंय. अंगानं तीच हाय. तोंडाच्या जागी निस्ता धूर."

"फोटो आहे ना लग्नातला?"

तो फोटो आम्हा दोघींना पाठ होता. त्यात नवरी मान खाली घालून बसलेली, कपाळावर मुंडावळ्या, आणि कुणीतरी ओवाळायला वाकलेल्या बाईचा हात नेमका तोंडासमोर. बाकीचे फोटो आमच्या सासरच्या घरी भिंतीतल्या कपाटात होते. ते वाळवीनं खाल्ले.

आईंना चित्र हवं होतं. गावातल्या एका माजी सरपंचाच्या घरात त्यांनी त्याच्या आईचं रंगातलं चित्र पाहिलं होतं. खुर्चीत बसलेली म्हातारी, मांडीवर हात. "आता पानी मागंल, अशी बसलीया," आई म्हणाल्या. तसं त्यांना लेकीचं काढून हवं होतं.

मी म्हणाले, "आधी डोळ्यांचं ऑपरेशन करा. मोतीबिंदू पिकलाय. नीट दिसायला लागलं की मग चित्र."

"आदी चित्र. आपरेशनात मेले तर?"

"मोतीबिंदूच्या ऑपरेशनात कुणी मरत नाही."

"मंग म्या पैली मरंन."

चुलीपाशी पुतण्याची बायको भाकरी थापत होती. ती मान वर न करता म्हणाली, "आत्याबाईला मराया सवड कुठंय. मेंढरं कोन मोजनार?"

तिनं म्हटलं ते खरं होतं. दिसत नसलं तरी आई संध्याकाळी वाडग्याच्या तोंडाशी बसून आत येणाऱ्या मेंढरांच्या पाठीवरून हात फिरवायच्या आणि कुठलं राहिलं ते सांगायच्या. मेंढराचं तोंड न बघता त्यांना मेंढरू कळायचं. लेकीचं मात्र तोंडच हवं होतं.

पेंटर तुळजापूरला सापडला. एका लॉजच्या मागच्या बाजूला त्याची खोली. पूर्वी तो दुकानांच्या पाट्या आणि देवीचे फलक रंगवायचा. फ्लेक्स आला आणि ते काम गेलं, तेव्हापासून गेलेल्या माणसांची तैलचित्रं करतो. खोलीत भिंतीला लावून चित्रं ठेवलेली होती आणि मी आईंना घेऊन आत पाऊल टाकलं तेव्हा सगळेच माझ्याकडे बघत होते. नीट पाहिल्यावर लक्षात आलं, सगळेजण एकाच खुर्चीत बसलेले आहेत. हातावर गोल घुंडी असलेली सागवानी खुर्ची. ती खोलीच्या मधोमध रिकामी होती. तुळजापूर तालुक्यातले निम्मे गेलेले लोक या खुर्चीत बसून गेलेत.

"अंग समोर कुणाला तरी बसवून काढतो," पेंटर म्हणाला. "तोंड फोटोवरून. अंग कुणाचंबी चालतंय. ह्ये बघा, ह्यो गूळवाला शेठ. त्याला अंग माझ्या मेव्हण्याचं हाय."

"आणि लोकांना कळत नाही?"

"लोक तोंड बघत्यात. आन् रंग. थोडं गोरं करा म्हणत्यात. मेल्यावर माझ्याकडं समदेच गोरे हुत्यात."

आईंनी नाक वर करून वास घेतला. "काय शिजवतूस रं? जवसाचा वास येतुया."

"जवसाचं तेल हाय मावशी. रंगात घालायचं."

"म्या म्हनलं चटनी करतुया."

मी त्याला लग्नातला फोटो दाखवला. त्यानं उजेडात धरला, परत केला. "ह्यात तोंडच न्हाय, सिस्टर. अंगाला कुणीतरी बसवा. तोंड मावशींनी सांगायचं, म्या काढत जातो. चुकलं तर पुसायचं."

अंगाला कोण बसणार, यावर फार चर्चा झाली नाही. आईंनी येताना ट्रंकेतलं इरकल लुगडं बरोबरच आणलेलं होतं. लेकीचं. हिरवं, लाल काठाचं, घड्यांवर विरलेलं. त्यांनी ते माझ्या हातात दिलं. मी पडद्यामागं जाऊन नेसले. डांबराच्या गोळ्यांचा वास आणि त्याच्याखाली आणखी कसला तरी, तो मला ओळखता आला नाही. मी खुर्चीत बसले तेव्हा पेंटर जवळ आला आणि माझ्या गळ्याकडं बोट करून म्हणाला, "त्यो टाक काढा."

"का?"

"तिच्या गळ्यात तिचाच टाक कसा आसंल?"

त्याचं बरोबर होतं. मी काढला. लग्नापासून तो मी कधी काढला नव्हता. ऑपरेशन थिएटरमध्ये मदतीला जाताना काढायला लावतात, तेव्हाही मी तो चिकटपट्टीनं आत झाकून घ्यायचे. आता तो पर्समध्ये होता आणि मी तिच्या लुगड्यात, तिच्या नावानं, मेलेल्यांच्या खुर्चीत.

"ती खुर्चीत कवा बसली न्हाय," आई म्हणाल्या.

"मग कुठं बसायची?" पेंटरनं विचारलं.

आईंनी जरा विचार केला. "बसायचीच न्हाय."

"मग आता बसू द्या."

सुट्टीच्या दिवशी मी बसायला जायचे. बसणं हे काम आहे हे मला तेव्हा कळलं. पेशंटला आपण सहज म्हणतो, हलू नका. हातावर हात ठेवून, नजर खिडकीच्या जरा डावीकडे. खालच्या गल्लीतून सोलापूरहून आलेल्या भाविकांचा आवाज, परड्या विकणाऱ्यांच्या हाका. थोड्या वेळानं हात बधिर व्हायचे आणि मग ते माझे वाटायचे नाहीत. कुणाचे तरी हात माझ्या मांडीवर ठेवलेत, असं वाटायचं. मी बोटं हलवायचे. पेंटर म्हणायचा, "हलू नका."

हात, लुगडं, पदराची घडी, खुर्ची, सगळं झालं. मानेवर एक राखाडी लंबगोल राहिला. त्याकडे बघणं मला नको वाटायचं. मी अपघातातले लोक पाहिलेत, जळालेल्या बायका पाहिल्यात. पण माझ्या हातांच्या वर तोंड नसलेलं काहीतरी बसलंय, ते बघून मी पाणी प्यायला बाहेर जायचे.

मग आईंची पाळी आली. मी त्यांना एसटीनं घेऊन जायचे. त्या चित्राच्या इतक्या जवळ बसायच्या की नाकाला रंग लागायचा. मोतीबिंदूच्या डोळ्यांना रंग आणि आकार दिसायचे, त्याच्या पलीकडचं धुकं.

"नाक जाड केलंस."

पेंटर फडक्यानं पुसायचा, पुन्हा काढायचा.

"कपाळ एवढं न्हवतं. जरा कमी."

"आता?"

"आता बरं. हनवटी खाली वढ. व्हट आसं न्हाईत."

"मग कसं?"

आई मान वळवून खोलीत शोधल्यासारखं करायच्या. समोर खिडकीपाशी मी उभी असायचे. पुन्हा चित्राकडे वळायच्या आणि म्हणायच्या, "जरा मिटल्यागत. बोलायचं हाय पर बोलत न्हाय, आसं."

माझं सगळं काम लोकांच्या अंगातला बदल ओळखण्याचं. पोट कधी दिसायला लागलं, सूज पायावर आहे की तोंडावर, डोळ्यांतला पिवळेपणा कधी उतरला. तरी हे मला उशिरा दिसलं. एका खेपेला मी चहा सांगायला खाली गेले होते. परत आले, दारातून आत पाहिलं आणि खुर्चीत मी बसलेले होते.

आजची मी नव्हे. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला वस्तीवर गेले होते, तेव्हाची. गाल बसलेले, केस मधोमध भांग पाडून चापून बसवलेले, कुणी काही विचारलं तर काय उत्तर द्यायचं याची तयारी करून आलेलं तोंड. आईंनी आयुष्यात एकदा नीट पाहिलेलं आणि मग वीस वर्षं पाहत राहिलेलं.

"आता जमली," आई म्हणाल्या. त्यांनी हात पुढे केला. पेंटरनं घाईनं त्यांचं मनगट धरलं, रंग ओला होता. "हीच. हीच माजी लेक."

पेंटर माझ्याकडे बघत होता. मी आईंना बसवून चहा दिला. जिन्यात तो मला गाठून म्हणाला, "सिस्टर, म्या काय करू? मावशी सांगत्यात तसं काढलंय. म्या तुमाला बघून न्हाय काढलं."

"माहीत आहे."

"आता?"

"त्यांना पटलं ना? मग झालं. फ्रेम करा."

एखाद्या माणसाला ज्या गोळीनं झोप लागते ती गोळी काढून घेऊ नये, असं माझं मत आहे. मी तेव्हाही तेच मानत होते.

चित्र वस्तीवर गेलं. आतल्या खोलीत दक्षिणेच्या भिंतीवर पुतण्यानं खिळा ठोकला. हार घालायला मलाच स्टुलावर चढावं लागलं, कारण तिथं सगळ्यांत उंच मीच. जित्या माणसाच्या फोटोला हार घालू नये म्हणतात, आयुष्य कमी होतं. मी असलं काही मानत नाही. रोज लोकांना ताईत सोडा, गोळ्या घ्या म्हणून सांगते. तरी झेंडूचा हार माझ्या स्वतःच्या तोंडाभोवती टाकताना माझा हात एकदा मागं आला, हे नमूद करते.

माझे मिस्टर एसटी डेपोत मेकॅनिक आहेत. मोजकं बोलतात. त्यांनी ते चित्र पहिल्यांदा पाहिलं अहेव नवमीला. सवाष्ण गेलेल्या बाईच्या नावानं पितरपंधरवड्यात त्या दिवशी एका सवाष्णीला जेवू घालतात. रीत सासरची, पण आईंनी ती स्वतःकडे ठेवली होती, आणि सवाष्ण दरवर्षी मीच. पुतण्याच्या बायकोनं पाट मांडला तो नेमका चित्रासमोर. खीर, वडे, कढी, गवारीची भाजी. मी तिच्या नावानं जेवत होते आणि समोरून माझंच तोंड, हार घालून, बघत होतं.  मिस्टरांनी चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पानातल्या कढीकडे पाहत राहिले.  

पुतण्याची बायको मला हळूच म्हणाली, "आत्याबाई सकाळी तिच्यासंगं बोलत्यात."

"काय बोलतात?"

"तुमच्यासंगं बोलत्यात तसंच. भाव काय आला, कुनाची शेळी याली. कवाकवा मला वाटतंय तुमीच आलाव, म्हनून म्या च्या टाकती."

त्यानंतर ड्युटीवर असताना माझं माझ्या हातांकडे लक्ष जायला लागलं. ओपीडीत पेशंट नसला की ते एकावर एक येऊन पडायचे, तसेच. मी ते उचलून रजिस्टरवर ठेवायचे.

मोतीबिंदूचं तोपर्यंत थांबण्यासारखं राहिलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर केला तर डोळा जाईल. त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते स्पष्ट आहे. डोळा साफ झाला की आई चित्र बघणार. आणि मला बघणार. त्यांना लेकीचं तोंड परत मिळालंय ते या धुक्यामुळंच. पण लेकीच्या तोंडासाठी डोळा घालवणं हा काही सौदा नव्हे. मी त्यांना धाराशिवला नेलं, ऑपरेशन झालं.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. त्यांनी आधी छताचा पंखा बघितला, मग माझ्याकडे वळल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"तू व्हय?"

"हो."

"लई पिकलीस की गं."

"वय झालं, आई."

"मला कुनी सांगितलंच न्हाय," त्या म्हणाल्या. शेजारच्या खाटेवरची बाई हसली. मी हसले नाही.

वस्तीवर पोचलो तेव्हा पुतण्याच्या बायकोनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. आई सरळ आतल्या खोलीत गेल्या. मी मागं उभी राहिले. त्यांनी चित्र वरपासून खालपर्यंत पाहिलं. खुर्ची, हात, लुगड्याचा काठ. मग तोंड. मग माझ्याकडे वळून पाहिलं, आणि परत चित्राकडे. बाहेर मेंढरं ओरडत होती.

"ही तूच हायस," त्या म्हणाल्या.

"हो."

"तवा का बोलली न्हाईस?"

"तुम्हाला पटलं होतं."

त्या खाली बसल्या. "हार काड त्यो."

मी स्टूल आणलं, हार काढला. पुतण्याची बायको दारात पाण्याचा तांब्या घेऊन थबकली होती, ती आल्या पावली परत गेली.

"आपण परत पेंटरकडे जाऊ," मी म्हणाले. "आता नीट दिसतंय तुम्हाला. परत सांगा त्याला."

आईंनी डोळे मिटले. नव्या डोळ्यावर ताण देऊ नका असं मी म्हणणार होते, पण थांबले. पापण्यांच्या आत बुबुळं हलत होती. त्या शोधत होत्या. बऱ्याच वेळानं त्यांनी मान हलवली. "न्हाय. मिटलं तरी तूच येतीस."

मग त्यांनी माझा हात धरला. त्यांच्या हाताला जोर बराच आहे. "जावईबापूला आठवत आसंल. नवरा हाय त्यो. त्याला इसरता येत न्हाय. त्यास्नी घिऊन ये."

मिस्टरांना मी सगळं सांगितलं. ते पाना पुसत होते, पुसत राहिले. "येतो," म्हणाले.

रविवारी आम्ही गेलो. चहा झाला. आईंनी त्यांना चित्रासमोर खाटेवर बसवलं आणि स्वतः जमिनीवर बसल्या. जावयासमोर खाटेवर बसायची त्यांना सवय नाही.

"जावईबापू, मला सांगा. तिचं नाक कसं हुतं?"

मिस्टर चित्राकडे बघत होते. "साधं होतं, मामी. चारचौघींसारखं."

"डोळं?"

"मोठे."

"कसं मोठं? हिच्यासारखं?" आईंनी माझ्याकडे बोट केलं.

ते माझ्याकडे बघेनात.  त्यांच्या गाडीचं इंजिन बिघडलं की ते असे बसतात, ऐकत. आई त्यांच्या तोंडाकडे नव्या डोळ्यानं बघत होत्या, आणि इतकं निरखून कुणी बघत असलं की माणसाला गप्प राहता येत नाही.

"तीळ होता," मिस्टर म्हणाले.

"कुठं?"

"गालावर. डाव्या. इथं." त्यांनी स्वतःच्या गालावर डोळ्याच्या जरा खाली बोट ठेवलं.

आईंचं तोंड उघडं राहिलं. मग त्यांनी दोन्ही हात कपाळाला लावले. "व्हय," त्या म्हणाल्या. "व्हय, तीळ हुता की. आगं बया, म्या तिळाला कशी इसरले."

परत येताना तेरच्या जरा अलीकडे मी त्यांना मोटरसायकल थांबवायला लावली. ऊस भरलेला ट्रॅक्टर पुढं जाऊ दिला. मग विचारलं, "खरंच तीळ होता?"

ते रस्त्याकडे बघत होते. "माहीत नाही."

"मग?"

"उंची आठवते. चिडली की दार कसं आपटायची ते आठवतं. पायात जोडवी वाजायची. तोंड..." ते थांबले. "तोंड म्हणलं की तूच येतीस. मी काय सांगणार होतो त्यांना?"

 ती या जगात ज्या दोन माणसांच्या डोळ्यांपुढं उरली होती, त्या दोघांकडेही ती आता नव्हती. आणि मी, जिनं तिला कधी पाहिलं नाही, ती दोघांच्याही पापण्यांच्या आत जाऊन बसले होते. मला हे नको होतं. कुणी विचारलं असतं तर मी नको म्हणाले असते.

पेंटर वस्तीवर आला. बारीक ब्रश आणि डबीत थोडा तपकिरी रंग एवढंच आणलं होतं. आईंनी जागा दाखवली. त्यानं टेकवला आणि मागं सरला. मी बघितलं. एका ठिपक्यानं इतका फरक पडेल असं मला वाटलं नव्हतं. ते तोंड माझं राहिलं नाही. माझ्यासारखी दिसणारी कुणीतरी दुसरी, माझ्या हातांवर हात ठेवल्यासारखी, माझ्याकडे बघत होती. आईंनी या खेपेला हार मला दिला नाही. पुतण्याला वर चढवलं.

या वर्षीच्या नवमीला आम्ही दोघं गेलो होतो. आईंचा दुसराही डोळा झालाय, त्यांना आता मेंढरं मोजायला हात लागत नाही. मी पाटावर बसले. त्या वाढत वाढत बोलत होत्या. तिच्या जन्माच्या वेळी सुईणीनं पहिला तीळच बघितला, म्हणाली, पोर नवऱ्याची लाडकी होनार. लहानपणी पोरी तिला 'तिळी' म्हणून चिडवायच्या, मग ती रडत यायची आणि तीळ साबणानं घासायची. एकदा पाट्यावरची हळद लावली होती तिळाला, जाईल म्हणून. गाल पिवळा झाला तो दोन दिवस तसाच. हे सांगताना आई हसत होत्या आणि पुतण्याची बायकोही हसत होती. इतकी वर्षं मी त्यांच्या पायाशी बसले, त्यांनी लेकीच्या शेकडो गोष्टी सांगितल्या, त्यांतल्या एकीतही तीळ नव्हता.

मिस्टर ऐकत होते. त्यांनी खीर दुसऱ्यांदा घेतली, एरवी ते गोड खात नाहीत. आई म्हणाल्या, "मिटलं की आता येती. तीळ आदी येतुया, मंग ती येती." त्यांनी माझ्या पानात आणखी एक वडा टाकला. मी तिच्या नावानं तो खाल्ला.

 परतताना वस्तीची वाट संपून डांबरी लागली, तेव्हा मिस्टर मान न वळवता म्हणाले, "होता बहुतेक."

"काय?"

"तीळ."

मी विचारलं, "कुठल्या गालावर?"

"चित्रात आहे तिथंच," ते म्हणाले.